पहिलं टोचणं दादाचं

४ फेब्रुवारी
आजही कुणी नाही! दुकानाच्या कोपऱ्यात टेबल मांडलंय, पाटी लावलीय – ‘रक्तातली साखर तपासून मिळेल, मोफत’ – आणि मी माशा मारत बसलेय. लोक खोकल्याचं औषध घेतात आणि माझ्याकडे असं बघतात, जणू मी सुरी परजून बसलेय. एक बाई म्हणाली, “नको गं बाई, तपासलं की निघतंच काहीतरी.” काय बोलणार!

बाबा साखरेनेच गेले. औषधांच्या दुकानात बसून – आणि आम्हा दोघा पोरांना पत्ता नाही! म्हणून तर हा खटाटोप. दादा म्हणतो, “तुझी हौस आहे, चालू दे.”

५ फेब्रुवारी
निवृत्त ड्रायव्हरकाका मलम घ्यायला आले. हातापाया पडून त्यांना टेबलाशी बसवलं. २९०! म्हटलं, काका, उद्याच डॉक्टर गाठा. म्हणाले, “ताई, जन्मभर ट्रक चालवला, चहात तीन तीन चमचे साखर. कुठे काय झालं?” शेवटी ‘बघतो’ म्हणाले. कसले जातायत! आजवर पाठवलेल्यांपैकी कोण गेलंय?

११ फेब्रुवारी
साखर मोजायच्या पट्ट्यांची नवी डबी उघडली. मागची सहा महिने पुरली – एवढी झुंबड! नवी डबी उघडली की पहिलं टोचणं दादाचं, ही आमची रीत. मशीन तपासायचं खास द्रावण मिळतं, पण मागवतंय कोण? दादाची साखर कायम शंभरच्या आत. “मी असताना द्रावण कशाला!” म्हणतो.

आज दादाची ३१२.

पुन्हा टोचलं. ३१८. जुन्या डबीतली उरलेली पट्टी लावली. ३०५! म्हणजे मशीनच बोंबललं. मेल्याहून मेल्यासारखं झालं. ड्रायव्हरकाकांच्या जिवाला उगाच घोर लावला मी! लगेच फोन केला – काका, मशीन बिघडलंय, ते २९० मनावर घेऊ नका. ते खदखदून हसले. “सुटलो बुवा!” म्हणाले आणि फोन ठेवला.

पाटी काढून ठेवली.

१२ फेब्रुवारी
मशीन कंपनीकडे पाठवलं. दादाची दिवसभर चिडचिड. वहिनी सांगत होती, रात्री सारखा उठतो, घटाघटा पाणी पितो. उकाड्याने असेल.

२० फेब्रुवारी
कंपनीचा माणूस मशीन घेऊन आला. माझ्यासमोर द्रावण टाकून दाखवलं. “मॅडम, मशीन ठणठणीत आहे.”

मी माझं बोट टोचलं. ९४.

दहा बोटं असून त्या दिवशी एक सुचलं नाही मला! शिकलेली म्हणे! म्हणजे दादाची साखर खरी. आणि काकांचीही.

दादाला सांगितलं. “मला काय धाड भरलीय? बाबांच्या पाठोपाठ मला धाडायला निघालीस?” असं म्हणून भर दुपारी घरी निघून गेला.

काकांना फोन केला. “कधी बिघडतं, कधी सुधारतं – मशीन आहे की माझा जुना ट्रक?” ऐकेचनात. संध्याकाळी त्यांच्या घरी गेले तर दाराला कुलूप.

२१ फेब्रुवारी
दादा बोलत नाही. काका फोन उचलत नाहीत.

२६ फेब्रुवारी
काका दवाखान्यात. शेजारच्या शिंप्याने सांगितलं. आधी ताप, मग उलट्या, आता शुद्ध नाही. साखर सहाशेच्या वर! धावत गेले, पण आत सोडलं नाही. काकू बाहेर बाकावर बसलेल्या. त्यांच्या शेजारी बसले आणि फोनचं काही बोललेच नाही. भित्री कुठली!

२८ फेब्रुवारी
जेवण जात नाही. आज दोनदा चुकीचं औषध काढलं. दादाने मुकाट्याने बदलून दिलं. कुठून बुद्धी झाली ते टेबल मांडायची!

७ मार्च
काकू दुकानात आल्या. काका परवा गेले.

त्यांनी पिशवीतून गोळ्यांची पाकिटं काढून काउंटरवर ठेवली. एकातल्या चार गोळ्या घेतलेल्या, बाकी सगळी तशीच. “साखरेच्या आहेत. दवाखान्याखालच्या दुकानातून आणल्या होत्या. कुणा गरजूला द्या. तुम्ही सांगितलंत म्हणून दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांकडे गेले होते हो! जन्मात पहिल्यांदा कुणाचं ऐकलं. रोज नेमाने घेत होते. मग तुमचा फोन आला.”

रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं!

दादा मागेच उभा होता. त्याने चपला घातल्या. “चल,” म्हणाला, “डॉक्टर बसले असतील.”