कार्डावरचं नाव

प्रिय यशोधरा,

सप्रेम जयभीम. फोनवर तू ‘हो आई, हो आई’ करत हाताने दुसरंच काही चिकटवत असतेस, म्हणून हे पत्र शेजारच्या धम्मदीपच्या हाती देते आहे. तुझं चित्र रविवारी मुंबईचे लोक घेऊन जाणार म्हणतात. त्याआधी वाच.

मंगळवारी मी आणि तुझे बाबा लोणावळ्याला प्रदर्शन बघून आलो. तुला कळवलं नाही, उगाच धावपळ केली असतीस. चित्र मला आवडलं. घराचं काम काढलं तेव्हा माळ्यावरची जी ट्रंक मी भंगारात दे म्हणाले होते, तिच्यातलं सगळं तू फळीवर चिकटवलंस आणि त्यातून माणूस उभा केलास. तांब्याच्या तारेचे केस मात्र फारच दाट झालेत. तुझ्या बाबांना तेवढे लग्नातही नव्हते. खाली कार्डावर ‘माझे बाबा’ वाचून तिथल्या बाईंनी त्यांना गुलाबांचा गुच्छ दिला, फोटो काढला. गुच्छ पिशवीसारखा खाली धरून उभे राहिले.

ती तार माझी आहे. लग्नानंतर चार वर्षं मी तळेगावच्या एका कंपनीत कॉइल भरायला जायची, त्यातली उरलेली. छातीवर लावलास तो कंपनीचा बिल्लाही माझाच. त्यावर नुसता नंबर आहे, तेव्हा तुला तरी कसं कळणार. गळ्यातली शिट्टी जयंतीच्या मिरवणुकीतली. बायकांची रांग मी लावायची. तुझे बाबा तेव्हाही मागे कुठेतरी कुणाचं तरी पोर खांद्यावर घेऊन चालत असायचे.

आणि डोळ्याच्या जागी बसवलीस ती घंटी. तुझ्या बाबांना सायकल येत नाही गं, अजून येत नाही. ते कामशेतला भाताच्या गिरणीत होते. टाकव्याहून कान्हे स्टेशनपर्यंत मीच त्यांना कॅरियरवर बसवून न्यायची. इंद्रायणीच्या पुलावर वारा लागला की ते माझा पदर सीटखाली दाबून धरायचे, चाकात जाऊ नये म्हणून. फाटा जवळ आला की उतरायचे आणि आपण वेगळेच आलो असं दाखवत चालायचे. सगळ्या गावाला ठाऊक होतं.

तू पोटात होतीस तेव्हा सायकल विकली, नोकरीही सुटली. त्याचं मी कधी रडगाणं गायले नाही, आताही गात नाही. घंटी तेवढी काढून ठेवली होती. तू लहान असताना ट्रंक कुणाची असं कधी विचारलं नाहीस, मीही सांगितलं नाही. घरात बाहेर जाणारं माणूस म्हणजे बाबा, एवढंच तू पाहिलंस. मला वाईट वाटलं, पण रागावले नाही.

परतताना कान्ह्याला उतरल्यावर तुझ्या बाबांनी गुच्छ माझ्या हातात दिला. म्हणाले, “हे तू घे. पोरीनं समदं तुजंच चिकटवलंय, नाव तेवढं माजं घातलंय. मला लय अवघडल्यावानी झालं. तिला सांग.” मी म्हटलं, राहू दे, चित्र चांगलं झालंय. तर म्हणाले, “न्हाई, सांग.” रोज सकाळी तेच विचारतात, सांगितलंस का.

म्हणून लिहिते आहे. चित्रातलं काही काढू नकोस, केसही राहू देत. फक्त खालचं कार्ड बदल. तिथे ‘माझी आई’ लिहिशील, तुझा स्वभाव मला माहीत आहे. तसं लिहू नकोस. ती घंटी वाजवत मी पुलावरून जायची तेव्हा तू नव्हतीस, मी कुणाची आई नव्हते. शालन लिही.

तुझीच,
आई