काठी विकल्याची हकिकत

तोप्लित्साकाठ, १८ जून १९८५

प्रिय ब्लागोये,

मी ठीक आहे, शेळी ठीक आहे. कोंबड्यांचे पाय तुतीनं जांभळे झालेत, पण अंडी अजून पांढरीच देतात. तूही तिथल्या गरम पाण्यात बसून बसून माणसात आला असशील आणि परिचारिकांना छळत असशील, अशी आशा करते.

तुझं पत्र मिळालं. त्यात तुझ्या गळाच्या काठीबद्दल जे लिहिलं आहेस तेही वाचलं. त्याचं सांगते, पण आधी इतर गोष्टी.

घेवडा वर चढलाय. शेजारच्या रुझाला नातू झाला, नाक थेट तिच्या नवऱ्यावर गेलंय, बिचारा. आपल्या पाद्रीबाबांनी तुझ्या नावानं मेणबत्ती लावली आणि तू कधी येतोस म्हणून मोठ्या काळजीनं विचारलं. संत पेतरचा उपास चालू आहे, मांस चालत नाही, मासे चालतात, आणि तू नसल्यानं त्यांना मासे कुणी देत नाही. काळजी कसली ते मी ओळखलं.

तर तुझा दोस्त ओब्राद. रविवारी सकाळी प्रार्थनेहून परत येते तो हा दारात उभा. खांद्यावर धुरावर वाळवलेली डुकराची अख्खी मांडी. ऐन उपासात! तू पत्र फक्त मला नाही, त्यालाही टाकलंस हे मला तेव्हा कळलं. म्हणाला, ब्लागोयेनं काठी मला देऊ केलीय, ही घे मांडी, पण मी घोडासुद्धा चालवून पाहिल्याशिवाय घेत नाही, आधी पाण्यावर बघू दे. मी मांडी आत टांगली. काठी मात्र त्याच्या हाती दिली नाही. तू ती तेलाच्या फडक्यानं पुसायचास, लेकीच्या केसांवरून हात फिरवावा तसा. तिला त्या धसमुसळ्याबरोबर एकटी कशी पाठवू? म्हटलं, मीही येते. पाव, कांदे बांधले आणि आम्ही निघालो.

जुन्या गिरणीच्या खाली, जिथं तुतीचं झाड पाण्यावर झुकलंय, तिथंच गेलो. फळं टपटप पाण्यात पडत होती. ओब्राद आला तो गाणं म्हणत, बुटांनी दगड लोटत. पाण्यात माशांच्या सावल्या होत्या, माझ्या डोळ्यांदेखत विरून गेल्या. त्यानं दुपारपर्यंत पाणी बडवलं, आणि मग काय म्हणाला असेल?

"वहिनी, काठी वाकडी आहे. अर्धी मांडी पुरे झाली असती."

ब्लागोये, मला चाळीस वर्षं त्या काठीचा राग होता, हे तू जाणतोस. पण परक्यानं तिला नावं ठेवली आणि माझं डोकंच फिरलं.

"नाचता येईना, अंगण वाकडं," मी म्हटलं. "जा, झाडाखाली पड आणि तोंड पावानं भर."

आणि काठी काढून घेतली.

बूट काढले, मोजे काढले, झुडपामागे बसले. मला कुणी शिकवलं नाही, तरी सगळं येत होतं. तू रोज रात्री जेवताना बोलायचास ना, क्लेन मासा पावलांचा आवाज ऐकतो, क्लेन सावलीला भितो, फळ फेकू नको, पडू दे, तो ओठांनी चाखतो तेव्हा हलू नको, दोरी चालू लागली की मगच मनगट उचल. पालथ्या घड्यावर पाणी, असं तुला वाटायचं. मलाही तसंच वाटायचं. घडा पालथा नव्हता, काय करणार.

आधी नुसत्या तुती सोडल्या, एकेक. सावल्या परत आल्या. मग गळाला लावलेली सोडली. खालून एक रुंद पांढरं तोंड वर आलं आणि तुती नाहीशी झाली. मी घाई केली, गळ रिकामा वर आला. मी जे बोलले ते लिहीत नाही. ओब्रादनं झोपेतून उठून छातीवर क्रुसाची खूण केली.

दुसऱ्यांदा मी थांबले. दोरी चालू लागली. मनगट उचललं, आणि काय सांगू, पलीकडे कुणीतरी जिवंत होतं! काठी वाकली, मी घसरून कमरेपर्यंत पाण्यात बसले आणि लहान पोरीसारखी हसत सुटले. हातजाळी मी घरीच विसरले होते. ओब्राद धावत आला आणि त्यानं त्याची रविवारची टोपी पाण्यात घातली. टोपीत क्लेन, लाल परांचा, कोपरापासून बोटांपर्यंत माझ्या हाताएवढा. ओब्राद म्हणाला, इतकी सुंदर टोपी मी जन्मात घातली नाही.

मग संध्याकाळपर्यंत दोघंही हललो नाही. तो कुजबुजत बोलायला शिकला. मी पाच पकडले, त्यालाही एक पकडू दिला. एक पाद्रीबाबांना दिला. बाकीचे अंगावर बारीक चिरा देऊन मक्याच्या पिठात घोळवून तळले, तू करतोस तसे, काटा लागला नाही.

आता ऐक. तुझं पत्र आलं त्या दिवशी, 'छाती उसवून शिवलेल्या माणसाला कसली नदी, आता बाक आणि सपाता', हे वाचून मी अंगणातले बूट न काढता पलंगावर पडून रडले. मला आनंद व्हायला हवा होता. दर रविवारी तू माझ्यापासून दूर जातोस असंच मी समजत आले. त्या झुडपामागे बसल्यावर कळलं की तू कुठं जात होतास. मला आधी का नाही नेलंस? मी आले नसते, तेही खरं.

अंधार पडताना ओब्रादनं विचारलं, "मग काठी माझी ना?"

"नाही. विकली गेली."

"कुणाला?"

"ही काय, तुझ्यासमोर उभी आहे."

मांडी परत नेली त्यानं. हसत नेली, मी त्याला बोल लावत नाही.

काल पोस्टात जाऊन तुझ्या डॉक्टरांना फोन केला. विचारलं, यांना नदी बंद केलीत का? ते म्हणाले, "बाई, पाण्यात उतरू नका, ओझं उचलू नका आणि एकटे जाऊ नका, एवढंच मी त्यांना म्हणालो." एकटे जाऊ नका, ब्लागोये. तू मात्र जाऊच नका असं ऐकून बसलास.

भीती मलाही वाटते, खोटं कशाला बोलू? पण व्हायचं ते बाकावरही होईल, आणि तेव्हा मी आत स्वयंपाकघरात असेन, मला कळणारही नाही. नदीवर मी हाताच्या अंतरावर असेन. शनिवारी सुटलास की सरळ घरी ये. तुती अजून आठवडाभर टिकतील. टोपली मी घेईन, काठी माझी आहे तरी तुला देईन, तू फक्त हळू चाल.

झुडपामागे दोघांपुरती जागा आहे, मी बसून पाहिलंय.

तुझी,
स्तामेन्का