आईला शी म्हणायचं नाही

तीर्थस्वरूप ताईस,

साष्टांग नमस्कार. (कंबर धरली आहे, तेव्हा कागदावरचाच गोड मानून घे.) तुझा गुडघा कसा आहे? भावोजींना म्हणावं, नव्या चष्म्याला आठ दिवस तरी द्या, लगेच माझ्या नावाने ओरडू नका.

इकडे सगळे खुशाल. फक्त तुझ्या भाचीने पहिलीतच इंग्रजीशी भांडण काढलं आहे. बाईंनी फळ्यावर एक मुलगा काढला आणि म्हणाल्या, 'ही'. पोरीला वाटलं, बाई चुकल्या. मिशीवाली ही कशी? (मिशी मागच्या बाकावरच्या कुणीतरी येऊन काढली होती. तो तपास वेगळा चालू आहे.) मोठ्या माणसांचं चुकतं, म्हणून तिने सोडून दिलं. मग बाईंनी आईचं चित्र दाखवलं आणि म्हणाल्या, 'शी'. झालं. पोर उभी राहिली. "माझ्या आईला शी म्हणायचं नाही! ती रोज आंघोळ करते!"

घरी मी समजवायला बसलो. माझ्या चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाइकं दिवसभर तक्त्यावरची इंग्रजी अक्षरं वाचतात. पण त्या तक्त्यावर एकही शब्द नाही, ही उणीव मला पंधरा वर्षांत पहिल्यांदा जाणवली. तरी सांगितलं, पुरुष ही, बाई शी. "म्हणजे आई शी?" तिने विचारलं. स्वयंपाकघरात भांडं आपटलं. मी म्हटलं, नाही, आईसुद्धा ही. (घरात राहायचं असतं.) दुसऱ्या दिवशी तिने वर्गात तसंच सांगितलं, वर माझं नावही.

बाईंनी मला बोलावून घेतलं. सोमवारी तोंडी परीक्षा आहे. त्यात ही आणि शी जमलं नाही तर पोर पहिलीतच राहणार, आणि तिची एकुलती एक मैत्रीण दुसरीत जाणार. हे ऐकल्यापासून ती भात चिवडत बसते.

शेवटी तिच्या आईनेच तिला मांडीवर घेतलं. म्हणाली, "अगं, त्यांची शी वेगळी, आपली वेगळी. म्हण तू, मला चालतं." पोरगी हळूच 'शी' म्हणाली आणि लगेच आईचा पापा घेतला. आता दर वाक्याला एक शी, एक पापा. उच्चार उत्तम आहे, पण परीक्षेत एवढा वेळ देतील असं वाटत नाही.

भावोजींना नमस्कार.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. : परीक्षेला प्रत्येक मुलाने घरातली एक बाई सोबत नेऊन तिची इंग्रजीत ओळख करून द्यायची आहे. हिला कामावरून सुट्टी मिळत नाही. तू रविवारीच ये. (पत्र त्यासाठीच.)

ता. क. दुसरा : खोटं कशाला बोलू, सुट्टी मिळाली आहे. पण पोरगी म्हणते, "आत्याच हवी. तिला शी म्हणायला मला काही वाटत नाही."