पाच टेकड्या आणि एक साक्षीदार

बुलढाणा,
६ जानेवारी २०२५

चि. बेबीस ताईचे अनेक आशीर्वाद.

फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून हे पत्र. दिवाळीत मी न्हाणीघरात घसरले, तेव्हापासून दीपकने धोशा लावलाय की आईने आता एकटं राहू नये, पुण्याला यावं. अकराव्या मजल्यावर! तिथे मी दिवसभर लिफ्टचे आवाज ऐकायचे का?

शेवटी मायलेकांत ठराव झाला. गावामागच्या पाचही टेकड्यांची फेरी मी एका दिवसात करायची. देवीच्या देवळापासून निघायचं आणि सूर्य मावळायच्या आत देवळाशीच परत यायचं. जमलं तर पुण्याचा विषय कायमचा बंद. नाही जमलं तर मी निमूट सामान बांधायचं. सोबत रुखमाबाई आणि मंजुश्री आहेत. दोघी माझ्याच शाळेतून निवृत्त झाल्या, पण अजून मला भितात, हे बरं आहे.

साक्षीदार तू. दीपक म्हणतो, मावशी खोटं बोलत नाही. बोलायला जातेस पण जमत नाही, एवढंच. फेरी रविवारी, १९ तारखेला. शनिवारीच सहदेवरावांना घेऊन ये.

तुझी,
ताई

नांदुरा,
११ जानेवारी

ती. ताईस बेबीचा साष्टांग नमस्कार.

पत्र वाचून हे म्हणाले, मेव्हणीबाईंचं समन्स आलं वाटतं. येतो आम्ही. पण टेकडी चढायले मले सांगू नको. मी देवळाच्या ओट्यावर बसून साक्ष देईन.

जेवणाचा जिम्मा माझा. टेकडीवर जायचं आणि रोडगे नाहीत, असं कुठं असते का? गोवऱ्यांच्या आरावर भाजलेले कणकेचे जाड रोडगे, वांग्याची भाजी, घट्ट वरण. हे मोटारसायकलवर गुरांच्या वाटेनं तिसऱ्या टेकडीवर डबा पोचवतील. तू उपाशी चालायचं म्हणशील, पण बाकीच्या दोघींचा काय गुन्हा?

एवढा हट्ट काऊन करतेस, कळत नाही. पण तू पुण्याला गेलीस तर मी भांडायले कोणाकडं जाऊ?

तुझी लाडकी (तू म्हणत नाहीस, म्हणून मीच लिहिते),
बेबी

नांदुरा,
२२ जानेवारी

चि. दीपकला मावशीचे आशीर्वाद.

तू सांगितलंस तसं रोडग्यांवर तूप ओतलं. आई जेवून झोपेल आणि तिसऱ्या टेकडीवरच अडकेल, हा तुझा बेत. रुखमाबाई आणि मंजुश्री खरंच झोपल्या, अगदी घोरत. ताईनं मोजून दीड रोडगा खाल्ला, दोघींना हलवून पाहिलं, मग तुझ्या काकांना त्यांच्या राखणीला बसवून एकटीच पुढं निघाली.

हे मले नंतर कळलं. कारण उरलेले रोडगे ओट्यावर मीच संपवले होते. जागी झाले तेव्हा देवळात दिवा लागला होता आणि ताई शेजारी बसून पेपर वाचत होती. ती सूर्य असताना आली की नंतर, मी कशी सांगू? खोटी साक्ष मी देणार नाही. विचारलं, तर ताईनं नुसतं पेपराचं पान उलटलं. मले त्याचीच भीती वाटते.

खरं सांगू? ती जिंकावी असंच मले वाटत होतं. तरी तूप मीच ओतलं.

तुझी,
मावशी

बुलढाणा,
३० जानेवारी

चि. बेबीस ताईचे आशीर्वाद, या खेपेला जरा हात राखून.

दीपकने तुझं पत्र मला जसंच्या तसं धाडलं. तूप त्याचं, पण हात तुझा.

देवळाशी मी सहाला दहा मिनिटं असताना पोचले. शेवटची उतरण बसत बसत उतरले, हे फक्त तुला सांगते. ओट्यावर माझी साक्षीदार तोंड उघडं टाकून झोपलेली. उठवलं असतं तर जागीच होते म्हणाली असतीस. म्हणून मी मोबाईलवर फोटो काढला. पुढे मी, मध्ये तू, मागे टेकडीच्या वर वीतभर सूर्य. फोटो दीपकला पाठवला. त्याने ताबडतोब हार मानली. दोन दिवस हसत होता म्हणे. पुढच्या वर्षी फेरीला यायचं म्हणतो. मी परवानगी दिली आहे, बिनातुपाची.

न्हाणीघरात मात्र धरायला दांडी बसवून घेतली. त्याचंही एक ऐकायला हवं.

फोटो मोठा करून बैठकीत दाराच्या समोरच लावला आहे. येणारा प्रत्येक जण विचारतो, या कोण झोपल्यात. तो भिंतीवरून उतरवायचा असेल तर स्वतः ये आणि आधी माझ्याबरोबर पाचही टेकड्या चढून दाखव. घाई नाही. दर महिन्याला एक चढलीस तरी चालेल, तेवढ्याच वेळा येणं होईल.

लोभ पूर्वीइतकाच ठेव, रोडगे निम्मे कर.

तुझी,
ताई