आधी बसायला, मग पाणी

किट्वे, रविवार

प्रिय कबासो,

'प्रिय' लिहिताना पेन अडलं. तरी लिहिलं. शाळेपासून तुला असंच लिहीत आले आहे, आणि तुझ्यासाठी माझी सवय मोडावी एवढा मान सध्या मी तुला देणार नाही.

फोन तू उचलत नाहीस. संदेश उघडतोस, वाचतोस आणि मुका होतोस. म्हणून हा कागद. न्डोलाच्या बसच्या ड्रायव्हरला बजावून सांगितलं आहे की पाकीट दाराखालून सरकवायचं नाही, इन्स्पेक्टरसाहेबांच्या हातातच द्यायचं. शिवाय कागदाचा एक फायदा आहे. यावरचं तुला पुसता येणार नाही.

आधी बातमी ऐक. लोंबेचा डावा हात प्लॅस्टरमध्ये आहे. तिची मुलगी चोला अजून बापाच्या ताब्यात आहे. लोंबे माझ्याकडे राहते. रोज सकाळी ती चोलाचा शाळेचा निळा फ्रॉक एका हाताने धुते, वाळत घालते, संध्याकाळी घडी करून उशाशी ठेवते. फ्रॉक कोणी घातलेला नसतो, मळलेला नसतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा धुते. आयुष्यभर शिक्षक संघटनेच्या व्यासपीठावरून गरजलेली बाई मी, आणि माझ्याच अंगणात त्या दोरीपाशी तिला नुसते चिमटे देत उभी राहते.

'लोंबे' हे नाव तुझ्या ओळखीचं नसेल. तुझ्यासाठी ती नुसती 'वाटसरू'. तू तिचा पत्ता शोधून काढलास, नाव शोधायचं राहून गेलं.

आपलं हे सगळं कसं सुरू झालं, ते तुला आठवतं का रे? जुन्या कपड्यांच्या गाठोड्यांतून बाजारात पुस्तकं यायची, फाटकी, दमट, कुठल्या तरी परक्या गावच्या वाचनालयाचा शिक्का मारलेली. तुझी बायको मोंदे ती किलोच्या भावाने आणायची. एकदा एका खुनाच्या गोष्टीची शेवटची पानंच नव्हती. तुमच्या पुढच्या खोलीत आपण तिघं दिवसभर भांडलो. तू म्हणालास माळ्याने मारलं, मी म्हणाले डॉक्टरने, आणि मोंदे मुंकोयोचा घोट घेत म्हणाली, "तुम्ही दोघं एकमेकांना मारायच्या आत मी इंटरनेटवर विचारते, कुणाकडे शेवटचं पान आहे का." तिने विचारलं. लुसाकातून एका परिचारिकेने उत्तर दिलं, मग सोल्वेझीच्या ट्रकवाल्या बा म्फुलाने, मग मलावीतल्या एका पाद्र्याने. 'शेवटचं पान' हा आपला समूह असा जन्मला. आज त्यात हजारो माणसं आहेत आणि त्यातल्या निम्म्यांना मोंदे कोण होती हेही ठाऊक नाही.

नियम एकच होता. ज्याने पुस्तक वाचलेलं नाही, त्याला खुनी कोण ते सांगायचं नाही. पाद्रीबाबांनी एकदा चुकून नाव फोडलं, तर तू त्यांना महिनाभर बाहेर काढलं होतंस. बिचारे रोज मला फोन करून म्हणायचे, "ताई, देव क्षमा करतो, हा इन्स्पेक्टर का नाही करत?" किती हसलो होतो आपण.

आणि नव्या माणसाचं स्वागत मोंदे करायची. तिने लिहिलेलं मला पाठ आहे: "या. आमच्या आजीच्या घरी पाहुण्याला आधी बसायला देत, मग पाणी, मग जेवण. कुठून आलात, का आलात, हे पाहुण्याने त्याला वाटेल तेव्हा सांगायचं. इथेही तसंच आहे. बसा." एवढंच. कुणाला नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. लोक कोपऱ्यात वर्ष वर्ष गप्प बसून वाचत राहिले आणि मग एके दिवशी आपणहून बोलले.

मोंदे गेली. तू बरेच महिने समूहाकडे फिरकला नाहीस. परत आलास तेव्हा तुझा तो खेळ घेऊन आलास. नव्या माणसाने तो जिथे बसून वाचतो त्या जागेचा फोटो टाकायचा, आणि जुन्यांनी त्यावरून तो कोण, कुठला, काय करतो ते ओळखायचं. फोटो टाकल्याशिवाय चर्चेत प्रवेश नाही. जो आधी ओळखेल तो त्या आठवड्याचा गुप्तहेर. आणि गुप्तहेर प्रत्येक आठवड्याला कोण? तूच.

मी तेव्हाच विरोध केला. तू सगळ्यांसमोर लिहिलंस, "भाषणबाई, इथे संप चाललेला नाही. गुन्हेकथा वाचणारी माणसं आहेत ही, त्यांना थोडं डोकं चालवू दे." बा म्फुला म्हणाला, "बाई, तुमच्या घराचा फोटो टाका, झाडूमागे कोणता मंत्री लपलाय ते शोधतो." हशा झाला, मतं पडली, मी हरले. हरल्याचं मला दुःख नाही, संघटनेत मी पुष्कळदा हरले आहे. पण ज्या दारावर मोंदेने पाण्याचा तांब्या ठेवला होता, त्या दारावर तू चौकी बसवलीस. आलेल्या प्रत्येकाची झडती. आणि तिला नाव दिलंस 'स्वागत'!

मग लोंबे आली. 'वाटसरू' नावाने. तिने लिहिलं, "मला वाचायला आवडतं. फोटो नाही टाकला तर चालेल का?" किती साधा प्रश्न. मोंदेने उत्तर दिलं असतं: बसा. तू उत्तर दिलंस: "संशयित तपासात सहकार्य करत नाही." खाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग. त्या पोरीला दिवसभरात बोलायला माणूस नव्हतं, कबासो. इथल्या वुसाकिले वस्तीतल्या त्या भाड्याच्या खोलीत मुलगी शाळेत गेली की ती आणि भिंती. तिला पुस्तकांबद्दल चार माणसांशी बोलायचं होतं. म्हणून तिने फोटो टाकला. चेहरा येणार नाही याची काळजी घेतली. खुर्ची, खिडकी, पुस्तक. बिचारीला वाटलं, एवढ्याने काय होतंय.

पण समोर तू होतास. तुझं ते लिखाण मी इतक्यांदा वाचलं होतं की आजही शब्द न् शब्द सांगू शकते. खिडकीतून दिसणारा खाणीच्या काळ्या मळीचा डोंगर कोणत्या बाजूने आहे, त्यावरून वस्ती. दवाखान्याची निळी टाकी आणि तिच्या डावीकडचा चर्चचा मनोरा, त्यावरून गल्ली. पपईच्या झाडाच्या सावलीवरून दाराचं तोंड. "टाकीमागच्या रांगेत, कोपऱ्यावरून तिसरं किंवा चौथं घर," असं तू लिहिलंस. तिसरंच होतं. बरोबर होतास. तू नेहमीच बरोबर असतोस.

"वाटसरूताई, स्वागत असो. प्रकरण बंद," हे तुझं शेवटचं वाक्य. टाळ्यांचा पाऊस पडला. तेवढ्याने तुझं पोट भरलं नाही. तू तो फोटो आणि तो सगळा तपास तुझ्या स्वतःच्या पानावर टाकलास, जिथे कुणीही यावं आणि वाचावं. वर लिहिलंस, "इन्स्पेक्टर अजून निवृत्त झालेला नाही."

खिडकीला पडदा म्हणून तिने कंबरेला गुंडाळायचं चितेंगे लावलं होतं. केशरी कापडावर काळ्या गिनी कोंबड्या. तिच्या नवऱ्याच्या मावशीने लग्नात दिलेलं. तुझं पान न्डोलात वाचतात, किट्वेत वाचतात, आणि तिच्या दिरानेही वाचलं. त्याने कोंबड्या ओळखल्या. बाकीचं तू लिहूनच ठेवलं होतंस.

मग एका शनिवारी भर दुपारी नवरा भावाला घेऊन आला. लोंबे चुलीवर मक्याच्या पिठाची न्शिमा ढवळत होती. दार मोडलं, हात मोडला. शेजारच्या भाजलेली मक्याची कणसं विकणाऱ्या बाया धावल्या नसत्या तर मी आज हे पत्र लिहीत नसते, दुसरंच काही लिहीत असते. बाया लोंबेकडे धावल्या, तेवढ्यात त्या दोघा भावांनी चोलाला उचलून गाडीत घातलं. एक बाई मला म्हणाली, "पोरगी ओरडत नव्हती हो बाई. गप्प होती. सवय असल्यासारखी."

मला हे कळलं ते लोंबेनेच दवाखान्यातून समूहावर लिहिलं म्हणून. काय लिहिलं आठवतं? "कृपा करून तो फोटो काढाल का?" मी धावत गेले. तू काय केलंस? फोटो काढलास, तपास काढलास, टाळ्या काढल्यास, तिचा तो प्रश्नही काढलास. स्वतःचं पानही बंद केलंस. जागा अशी धुऊन काढलीस की आपल्या गोष्टींमधल्या खुन्यांनी तुझ्याकडे शिकवणी लावावी.

मग मला तुझा एकुलता एक संदेश आला. "खेळ होता, चिलुफ्या. नवरा असा आहे हे मला काय माहीत?"

तुला माहीत नव्हतं? तुझंच लिखाण तुला ऐकवते. "घरात एकच खुर्ची. पुस्तकं तेलाच्या खोक्यावर. पडदा शिवलेला नाही, सेफ्टी पिनांनी टाचलेला. खुर्चीखाली लहान मुलीचे शाळेचे बूट, पुरुषाचे बूट कुठेही नाहीत. ही बाई घाईघाईत आलेली आहे." तुला पिना दिसल्या, कबासो! बूट दिसले! आयुष्यभर तू चौकीच्या टेबलामागे बसलास. घाईघाईत, मूल कडेवर घेऊन, कापडाचं गाठोडं घेऊन आलेल्या बाया तुझ्यासमोर बाकावर बसत होत्या. त्या कोणापासून पळतात हे या देशात तुझ्याइतकं कुणाला ठाऊक आहे? तुला सगळं दिसलं. तू फक्त तिथे थांबला नाहीस, कारण टाळ्या पुढच्या वाक्याला होत्या.

कागदातल्या खुन्याचं नाव फोडलं म्हणून आपण एका पाद्र्याला महिनाभर बाहेर बसवलं. जिवंत बाईचं घर फोडणाऱ्याला आठवड्याचा गुप्तहेर केलं. यावर मी भाषण करणार नाही. करता येईल असं मोठं व्यासपीठ मला माहीत नाही.

स्वागताचं काम मी आता माझ्या हातात घेतलं आहे. तुला विचारलं नाही. तुझा खेळ बंद केला आणि मोंदेचा मजकूर पुन्हा वर लावला. काल एक नवा माणूस आला, 'चिंच' नावाचा. त्याने घाबरत विचारलं, "फोटो कसला टाकू?" बा म्फुलाने, त्याच बा म्फुलाने, माझ्या आधी लिहिलं, "काही टाकू नकोस बाळा. बस." त्या म्हाताऱ्याला लाज वाटली. त्याला मोटार चालवता येते, तपास करता येत नाही, पण लाज वाटते.

आता कोर्टाचं सांगते. गेल्या गुरुवारी पहिली सुनावणी झाली. नवरा इस्त्रीचा सदरा घालून आला होता. म्हणाला, "तिनेच फोन केला. पत्ता दिला, मला न्यायला ये म्हणाली. आता माहेरच्यांचं ऐकून फिरली. दार मोडकंच होतं, ती पडली." आणि मग न्यायाधीशांकडे वळून त्याने तुझ्या आवडीचा प्रश्न विचारला: "तिने सांगितलं नसेल, तर मला घर सापडलं कसं?" लोंबे म्हणाली, फोटोवरून. एक न्यायाधीश हसले. "फोटोवर पत्ता लिहिला होता का, बाई?" मागे बसलेले सगळे हसले. मी उठून बोलायला लागले, तर मला खाली बसवलं. फोटो नाही, लिखाण नाही, कुणाकडे प्रत नाही, सगळं पुसलेलं. नवऱ्याने लोंबेकडे पाहिलं आणि तोही हसला. पुढच्या सुनावणीपर्यंत चोला बापाकडेच राहील असं ठरलं.

ती सुनावणी या गुरुवारी सकाळी आहे. बा म्फुला ट्रक सोडून येतो आहे, मी तर आहेच. पण आम्ही वाचलेलं सांगू, आणि लोक पुन्हा हसतील. खिडकी, टाकी, डोंगर आणि सावली एवढ्यावरून घर सापडतं, हे ज्याने शोधलं त्यानेच उभं राहून दाखवलं पाहिजे. तुला लाज वाटेल. वर्तमानपत्रवाला आला तर नावही छापून येईल. येऊ दे. त्या प्रश्नाचं उत्तर जगात एकाच माणसाकडे आहे, आणि शेवटचं पान दडवून ठेवायला तुमच्या पुढच्या खोलीत आपण कधीच शिकलो नव्हतो. पहिल्या बसने ये, थेट माझ्या घरी. लोंबे दार उघडेल. तिला मी सांगितलं आहे कोण येणार आहे ते. तिने अंगणातली खुर्ची आत आणून पुसून ठेवली. तुला बसायला देऊ, पाणी देऊ, न्शिमा वाढू. का आलास, हे घरात कुणी विचारणार नाही. ते तू कोर्टात सांगायचं आहेस, उभं राहून, पूर्ण नावानिशी.

वाट पाहते आहे, रागावलेली आणि तरीही तुझीच,

चिलुफ्या