बोंडअळी मेली नाही, पप्पा

तीर्थरूप पप्पांस,

नमस्कार. साष्टांग या वेळी घालत नाही.

मी बरा आहे, मेसमध्ये पोटभर जेवतो, असं मम्मीला सांगा. तिचा गुडघा कसा आहे?

तुम्ही बीपीची गोळी घ्या, मग पुढचं वाचा.

मला न विचारता तुम्ही आमच्या कृषी कॉलेजच्या मॅडमना फोन केलात. "ते बोंडअळीचं औषध आम्ही दुकानात विकतो, पोराच्या अहवालातून नाव काढा," म्हणालात. मॅडमनी सगळ्यांसमोर मलाच विचारलं, "काढू का?" शरमेनं मान खाली गेली, पण मी नाही म्हणालो. कॉलेजच्या कपाशीवर मी ते दोनदा फवारूनही बोंडअळी मेली नाही. माझ्या पहिल्याच संशोधनात खोटं लिहू?

कळसाडीचे हिलालआप्पा ते औषध तुमच्या शब्दावर नेतात. पुढच्या फवारणीआधी त्यांना खरं सांगा. नाहीतर मी शहाद्याला येऊन, आपल्याच दुकानाच्या पायरीवर उभा राहून सांगेन.

तुमचाच, पण रागावलेला,
मयंक