तुझा राक्षस अजून जिवंत आहे

प्रिय दिनू,

उद्या तुझं वर्षश्राद्ध. गुरुजी सकाळी येतील. त्याआधी तुला एक सांगायचं आहे आणि समोर तू नाहीस, म्हणून लिहितो.

दहाव्याला नदीवर काय झालं, ते तू पाहिलंस का? पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. झाडावर बसून नुसता बघत होता. आईला सांभाळीन म्हटलं, तुझ्या आंब्याच्या कलमांकडे बघीन म्हटलं. नाही आला. ऊन चढलं, गुरुजी दर्भाचा कावळा करूया म्हणू लागले. तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "दिनू, तुझा राक्षस मी मारीन." शब्द संपायच्या आत तो पिंडावर होता.

लोकांना वाटलं, भावाभावांचं काही गुपित असेल. गुपित कसलं! तू जहाजावरून येताना जपानहून टीव्हीसकट आणलेला तो खेळ. छोटा वीर रानात फिरून फुटकळ भुतं मारतो, बळ वाढवतो, चांगली तलवार घेतो आणि शेवटी गुहेतल्या राक्षसापुढे उभा राहतो. राक्षस त्याला एका फुंकरीत जाळतो. रत्नागिरीच्या इस्पितळातून घरी आणल्यावर, डोळे पिवळेजर्द झालेले असताना, अंथरुणावर बसून तू तेच करायचास. मी रागावलो की म्हणायचास, "अण्णा, हा मेला की मी उठलो बघ."

तू उठला नाहीस. वीर मात्र उठतो रे! मेला की पुन्हा देवळासमोर हजर. तुझ्यानंतर मी खेळ लावला, तर वीर तू ठेवला होतास तिथेच, गुहेच्या दाराशी, जागच्या जागी पाय हलवत उभा. खेळाच्या डबीतला बारीक सेल सगळं जपून ठेवतो, हे तूच सांगितलं होतंस. तरी मी वळून तुझ्या अंथरुणाच्या जागेकडे पाहिलं.

वर्षभर दुपारी दुकान बंद करून खेळतोय. तुझी वहिनी म्हणते, पन्नाशीला माणसं जपमाळ धरतात, तुम्ही हे काय धरलंत? आईला आता फारसं आठवत नाही. टीव्हीचा आवाज आला की विचारते, दिनू उठला का? काय सांगू मी?

आणि खिडकीसमोरच्या दगडी गडग्यावर तो कावळा. खेळ लावला की येतो, एरवी नाही. घास ठेवला तर ढुंकून बघत नाही. वीर जळला की उडून जातो.

राक्षस मेल्यावर दुसऱ्या रूपात उठतो, हे तू का नाही सांगितलंस? आज दुपारी ते रूपही वाकलं. आता एकच घाव. पाळी वीराची; मी बटण दाबीपर्यंत राक्षसही थांबतो. सगळं थांबलं होतं. मान वळवली, तर कावळा गडगा सोडून खिडकीच्या गजांवर बसलेला, माझ्या हाताकडे बघत. आतून आईनं विचारलं, "दिनू उठला का?"

माझा अंगठा खाली जाईना. हा मेला की खेळ संपला. मग गुहेच्या दाराशी पाय हलवत कोण उभं राहणार?

टीव्ही बंद केला. यंत्र चालूच आहे, कारण अर्धी लढाई तो सेल जपत नाही; त्याचा लाल दिवा इथून दिसतो. रात्रीत वीज जाऊ नये म्हणून देवापुढे गाऱ्हाणं घातलंय.

उद्या कावळ्याचं पान वाढण्याआधी मी बटण दाबीन. आईला शेजारी बसवीन. तिनं विचारलं तर सांगीन, "उठला, आई. निघाला."

तुझा,
अण्णा